उन्हातली हळद

वृषाली कोठावळेनं न केलेल्या चाचणीखाली उभ्या आयुष्यात एकदाच सही केली, आणि तीसुद्धा हसत हसत.

२०४३ सालचा फेब्रुवारी. कुपवाडच्या एमआयडीसीत 'लेणं कॉस्मेटिक्स' नावाचा कारखाना होता, आणि वृषाली तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. वय एक्कावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची. कुणाच्याही चेहऱ्याकडे एकदा बघितलं की त्याला कुठली छटा बसेल हे ती सांगायची आणि यंत्र नंतर तेच सांगायचं, म्हणून यंत्र आल्यावरही तिला कुणी काढलं नाही. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नव्हतं. कारखान्यातल्या कुंकवाचा रंग ती रोज मनगटावर लावून तपासायची. कपाळावर तपासावा असं कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

'लेणं'ची सुरुवात कुंकवापासूनच झालेली. मालक श्रेणिक मगदूम यांच्या आजोबांनी सांगलीच्या बाजारातून हळकुंडं आणून त्यांचं कुंकू केलं, वडिलांनी काजळ आणि लिपस्टिक काढली, आणि श्रेणिकनं आपल्याकडच्या कातडीला शोभेल असं एकवीस छटांचं फाउंडेशन बाजारात आणलं. दहा वर्षं ते धो धो खपलं. मग वारं फिरलं. आधी 'मेकअप केलाय हे कळताच कामा नये' अशी टूम निघाली. मग फोनवर झळकणाऱ्या पोरी एक ट्यूब हातात धरायचे लाख-लाख रुपये मागू लागल्या, आणि वेबसाइटवाले एकावर दोन फुकट द्यायला लागले. दुकानं माल परत पाठवू लागली. हे सगळं सोसून कंपनी कशीबशी उभी होती, तोवर 'साय' आली.

सायची गोष्ट ऐकायला सोपी होती. आपल्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू मुक्कामाला असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, भाडं न देता राहणारे. परदेशातल्या एका कंपनीनं त्यातल्याच एका जातीला भाडं द्यायला शिकवलं. तिच्या जनुकांत त्यांनी रंग बनवायची कृती बसवली. आपल्या कातडीत असतो तसलाच तपकिरी रंग, नेमून दिला तेवढाच, आणि त्याच्या जोडीला उजेड सारखा पसरवणारे बारीक कण. क्रीममधून हे जिवाणू चेहऱ्यावर सोडले की तीन दिवसांत ते वरच्या पापुद्र्यात आणि लवेच्या मुळाशी वस्ती करत. वांग, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्या वस्तीखाली दडून जात. तोंड धुतलं तरी रंग जात नसे, कारण तो लावलेला नव्हताच, तो तिथं राहत होता. एकदा लावलं की चार महिने बघायला नको.

मग फाउंडेशन घेणार कोण? दोन वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांनी दिवाळं काढलं. मॉलमधल्या लिपस्टिकच्या दुकानांत मोबाइलची कव्हरं विकायला आली. श्रेणिकनं मात्र वेळेवर हातपाय हलवले आणि साताऱ्यापासून बेळगावपर्यंतच्या भागासाठी साय बनवायचा परवाना मिळवला. परवान्याला एक अट होती. या भागात लोक चेहऱ्याला जे जे म्हणून लावतात, त्या एकेचाळीस पदार्थांसोबत सायची चाचणी करायची. साबण, शिकेकाई, उटणं, तरणतलावातलं क्लोरीन, रंगपंचमीचे रंग, सगळं. प्रत्येक पदार्थ तीन प्रकारे तपासायचा: अंधारात, घरातल्या साध्या दिव्याखाली आणि दुपारच्या उन्हात. शेवटच्या प्रकारासाठी उन्हासारखा उजेड देणारा एक मोठा दिवा होता आणि एका पदार्थाला अकरा दिवस लागत.

चाळीस पदार्थ झाले, आणि तो मोठा दिवा गेला. नवा यायला दोन महिने लागणार होते. एकेचाळीसपैकी राहिला होता तो यादीतला एकोणतिसावा. वृषालीनंच तो मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्याची तिला सगळ्यांत कमी काळजी होती. तो पदार्थ म्हणजे हळद.

"हळदीचं काय करायचं, साहेब?" तिनं विचारलं.

"ताई, सांगलीत बसून हळदीची परीक्षा?" श्रेणिक म्हणाला. "जखमेत भरतो, बाळंतिणीला देतो, खंडोबाला उधळतो. कुणाचं वाईट झालंय का आजवर?"

वृषाली हसली. अंधारातली चाचणी झाली होती, दिव्याखालचीही झाली होती, दोन्हींत काही वावगं नव्हतं. बाहेर पॅकिंगच्या खोलीत चौसष्ट बाया होत्या. दिवाळीपासून त्यांना महिन्यातले पंधराच दिवस काम मिळत होतं, आणि त्यातल्या निम्म्या वृषालीनं स्वतः आणलेल्या. लग्नसराईच्या आत माल निघाला नाही तर तेही बंद होणार होतं. शिवाय तिच्या भाचीसाठी स्थळं बघत होते, वैशाखात लग्न उरकायचा बेत होता आणि त्या पोरीच्या गालावर मुरमांचे खोल डाग होते. तिला साय लावायची हे आत्यानं कधीच ठरवलं होतं. आपण ज्याला 'पी हळद आणि हो गोरी' म्हणून हसतो, तीच घाई तिला झाली होती. उन्हाच्या रकान्यात तिनं 'बाधा नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.

साय बाजारात आली. जाहिरात म्हणून कारखान्यातल्या बायांनी आधी स्वतः लावली, वृषालीनंही. मग खास लग्नाच्या मुलींसाठी 'नवरी पेटी' निघाली. तिच्यात घरी येऊन छटा जुळवून देण्याची सोय होती, आणि अवघड चेहरा असला की वृषाली स्वतः जायची. अक्षय्य तृतीयेपर्यंत तीनशे बारा पेट्या गेल्या. पॅकिंगच्या खोलीत महिनाभर पूर्ण काम होतं. बायांनी वर्गणी काढून तिला साडी घेतली.

भाचीचं नाव ईश्वरी. हळद गुरुवारी होती, लग्न शुक्रवारी, माधवनगरला भावाच्या अंगणात. साय लावून दोन महिने झाले होते आणि पोर अशी काही उजळली होती की शेजारच्या बाया तिच्या आईला, अर्चनाला, खोदून खोदून विचारत. अर्चनावहिनी "घरचं दूध-तूप" असं सांगून मोकळी होई. मुलीच्या सासरच्यांनाही तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ईश्वरीला पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी साय लावल्यावर.

त्या वर्षी हळदीची नवी फॅशन आली होती. तोंडभर हळद फासायची नाही. प्रत्येक सवाष्णीनं गालावर चार बोटं ओढायची, ती उन्हात वाळू द्यायची, मग फोटो. भर दुपारच्या उन्हात पिवळी बोटं फोटोत झकास उठून दिसतात म्हणे. फोटोवाल्यानं बाराची वेळ दिली होती आणि अंगणावरचं कापड मुद्दाम काढून घेतलं होतं.

जयसिंगपूरहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्याची नंदामावशी आली. पाट मांडला. ईश्वरी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "पहिली हळद आत्या लावणार."

"लावतील की गं त्या," अर्चनावहिनी घाईनं म्हणाली. "आधी पाच जणींची होऊ दे."

"आधी आत्या. न्हाईतर मी पाटावर बसत न्हाई."

विधवांच्या या असल्या प्रथा बंद केल्याचे ठराव गावोगावी होऊन वीस वर्षं झाली होती. ठराव कपाटात होते आणि माणसं होती तिथंच होती. नंदामावशीनं पदर सावरला आणि आभाळाकडं बघितलं. पण पोरगी हट्टाला पेटली होती, फोटोवाला घड्याळ दाखवत होता, आणि ईश्वरीचे वडील, म्हणजे वृषालीचा धाकटा भाऊ दीपक, म्हणाला, "जा अक्का, लाव."

वृषालीनं हळदीत हात बुडवला. सहा वर्षांत घरच्या कार्यातली हळद तिच्या हाताला पहिल्यांदा लागत होती. तिनं आधी पावलांना लावली, मग गुडघ्यांना, खांद्यांना, आणि शेवटी त्या गुळगुळीत गालांवरून चार-चार बोटं हलकेच ओढली. ईश्वरी डोळे मिटून हसत होती. वृषालीला इतका आनंद झाला की तिला रडू आवरेना, आणि बायकांना वाटलं नवऱ्याच्या आठवणीनं रडतेय. तिच्यामागून चार सवाष्णींनी हळद लावली. पोरगी पाऊण तास उन्हात बसली.

अंघोळीला गेलेली ईश्वरी बाहेर येईना. आतून आधी "आई" अशी हाक आली, मग नुसतं ओरडणं.

हळद धुतली गेली होती. तिच्या जागी राखाडी-काळे पट्टे उठले होते, पाटीच्या रंगाचे. दोन्ही गालांवर बोटांच्या पेरांसकट. बेसन लावलं, दूध लावलं, तेल लावलं, काही म्हणजे काही हललं नाही. एका त्वचेच्या डॉक्टरांना फोनवरून चेहरा दाखवला. ते म्हणाले, "चोळू नका. रंग वर नाही, आत गेलाय. गोंदणासारखा."

"हळद कुठली होती?" दीपकनं विचारलं. आवाज चढलेला होता.

नंदामावशी उसळली. "म्हंजे? आमच्या हळदीत भेसळ म्हणता व्हय? घरची हळकुंडं, जात्यावर दळलेली. हीच हळद सकाळी आमच्या पोराला लावली, त्याला का न्हाई काय झालं?"

"मग आमच्या पोरीलाच कसं झालं?"

"ते तुमचं तुम्हाला ठावं!"

शब्दानं शब्द वाढला. मावशीनं पायांत चपला घातल्या. आता लग्न मोडतंय हे अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं. तेवढ्यात अर्चनावहिनीची आई, म्हातारी, कोपऱ्यातून म्हणाली, "पहिला हात कुणाचा लागला?"

सगळं अंगण वृषालीकडं वळलं. आणि तिनं बघितलं, माणसांचे चेहरे सैल पडत होते. हळद सासरची होती, पोरगी माहेरची होती, दोन्हीकडच्या अब्रूला धक्का न लावता दोष ठेवायला जागा सापडली होती. नंदामावशीनं चपला काढल्या. "मी बोलणार होतो तेव्हाच," ती म्हणाली. "पण म्हटलं, आपण पाव्हणं."

वृषालीला राग यायलाही सवड मिळाली नाही. तिच्या डोळ्यांसमोर यादीतली एकोणतिसावी ओळ आली होती. पट्टे फक्त गालांवर होते. पावलांना हळद लागली होती, गुडघ्यांना लागली होती, तिथं काही नव्हतं. आणि साय होती ती फक्त चेहऱ्यावर.

"माझ्या हातामुळं नाही झालं हे," ती म्हणाली. "हे साय..."

दीपकनं तिचा दंड इतक्या जोरात धरला की ती कळवळली. तिला आतल्या खोलीत ओढून नेत तो कानाशी म्हणाला, "अक्का, तोंड उघडू नको. तोंडावर आधीपासून काय लावलं होतं कळलं, तर फसवून पोरगी दिली म्हणतील. तुला काय बोलायचं ते लोक बोलून घेतील. चार दिवस सोस."

वृषालीनं दंड सोडवून घेतला.

ती तिथून निघाली ती थेट कारखान्यात गेली. स्वतःच्या डाव्या हातावर तिनं सायचा ठिपका गेल्या महिन्यात वाढवून ठेवला होता, छटा बघण्यासाठी. त्यावर हळद लावून ती गच्चीवर उन्हात उभी राहिली. शेजारी उघड्या कातडीवर दुसरा ठिपका लावला. वीस मिनिटांनी दोन्ही पुसले. उघडी कातडी जशीच्या तशी होती. सायवरचा ठिपका काळवंडला होता.

कारण शोधायला तिला तासभरसुद्धा लागला नाही. जुने शोधनिबंध पडून होतेच, कुणीही बघावेत. हळदीतलं पिवळं द्रव्य निळा-जांभळा उजेड शोषून घेतं. घरातल्या दिव्यांत तो उजेड थोडका असतो, उन्हात रग्गड. उजेड पोटात गेला की ते द्रव्य आजूबाजूच्या प्राणवायूला चिथावतं, आणि चिथावलेला प्राणवायू जवळच्या जिवाणूंची कवचं फोडतो. दातांचे डॉक्टर याच युक्तीनं हिरड्यांतले जंतू मारत आले आहेत. एरवी हा हळदीचा गुणच. पण सायचा जिवाणू पोटात अर्धाकच्चा रंग घेऊन बसलेला असतो. लाखो जिवाणू एकदम फुटले की तो कच्चा रंग खालच्या थरात झिरपतो, तिथं काळा पडतो आणि कायमचा मुरतो. अकरा दिवस उन्हाच्या दिव्याखाली ठेवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी हे दिसलं असतं.

परदेशी कंपनीला तिनं तिथूनच सगळं लिहून पाठवलं, हाताच्या फोटोसकट.

संध्याकाळी ती ईश्वरीकडं गेली आणि दार लावून तिला खरं काय ते सांगितलं. चाचणी, रकाना, सही, काही लपवलं नाही. ईश्वरीनं आरशाकडं पाठ फिरवली.

"जाणार न्हाईत म्हणतेस हे?"

"नाही."

"आणि शनिवारी?"

शनिवारी, वैशाखातल्या सगळ्यांत मोठ्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी, निम्म्याहून अधिक पेट्यांच्या हळदी होत्या. ईश्वरीला ते ठाऊक होतं, आत्यानंच कौतुकानं सांगितलेलं.

"सांग लोकांना," ती म्हणाली. "पण उद्या माझं लग्न लागल्यावर सांग. तेवढं दे मला, आत्या."

तिनं मागावं आणि वृषालीनं नाही म्हणावं, हे शक्य नव्हतं. नमुन्यांच्या कपाटात 'लेणं'चं जुनं, बंद पडलेलं फाउंडेशन होतं. त्यातली सात नंबरची ट्यूब तिनं शुक्रवारी पहाटे माधवनगरला पोचवली. तिचा जाड लेप देऊन ईश्वरी बोहल्यावर उभी राहिली. वृषालीला मांडवात न येण्याचा निरोप होता. अक्षता तिनं फोनवर बघितल्या.

दुपारी ती श्रेणिकच्या केबिनमध्ये गेली आणि हात पुढं केला. त्यानं ठिपका बघितला, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि पाणी प्यायला.

"पेट्या परत मागवून उपयोग नाही," तो म्हणाला. "साय बसलीय पोरींच्या तोंडावर. चार महिने निघत नाही."

"काढायची नाहीच, साहेब. एवढंच कळवायचं, हळद उन्हात लावू नका. किंवा चेहऱ्याला लावूच नका."

"सांगलीत? 'आमचं क्रीम चांगलं आहे, तुमची हळद वाईट आहे'? उद्या कारखान्यावर दगड येतील, ताई. आणि चौसष्ट बाया?"

"मी त्यांच्याकडं बघूनच सही केली होती. मला नका सांगू."

श्रेणिक वाईट माणूस नव्हता. त्यानं डोकं हातांत धरलं. मग वर न बघता म्हणाला, "तुमच्या भाचीला कुठलं लावलंत? सात नंबर?" आणि मग, आणखी हळू आवाजात, "तसं झालंच, तर ते फाउंडेशन परत चालू करावं लागेल. झाकायला दुसरं काही नाही बाजारात."

बोलून झाल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. पण ग्राहकांची यादी त्यानं दिली नाही. वृषाली जागेवर पोचेपर्यंत तिचा संगणक बंद केलेला होता. परदेशी कंपनीचं उत्तर मात्र फोनवर येऊन पडलं होतं. तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे, तथापि आमच्याकडील अहवालात ओळ क्रमांक एकोणतीसनुसार हळदीची उन्हात कोणतीही बाधा आढळलेली नाही. अहवालाखाली सही कुणाची, तर तिचीच.

औषध-प्रसाधनांची सरकारी कचेरी तोवर बंद झाली होती, ती आता सोमवारी उघडणार होती. तिनं स्वतःचा व्हिडिओ काढून टाकला, हातावरच्या ठिपक्यासह, भाचीचं नाव न घेता. त्याखाली शेकड्यांनी शेरे आले. हळदीची बदनामी करायला किती पैसे मिळाले? आजीबाईच्या बटव्याला आता विलायती बाया शिकवणार का? आणि मग कुणीतरी लिहिलं, 'हीच ती माधवनगरची. हिच्या हातानंच पोरीचं तोंड काळं झालं.' त्यानंतर मात्र हळदीबद्दल कुणी बोललं नाही.

ज्या घरांत ती छटा जुळवायला गेली होती ती तिला आठवत होती. बावीस घरं. चेहऱ्यावरून तिला छटा आठवे आणि छटेवरून घर. रात्री अकरापर्यंत तिनं एकेकीला फोन लावले. काहींनी ऐकून घेतलं आणि कंपनीला विचारलं. कंपनीनं सांगितलं, बाईंच्या घरी दुःखद प्रसंग घडलाय, त्या धक्क्यात आहेत. पंधरा जणींनी दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. दोन घरांनी मात्र हळद मांडवाच्या आत, सावलीत करतो म्हणून सांगितलं, आणि त्या दोघींसाठी वृषालीनं देवाला हात जोडले.

शनिवारी सकाळी ती विश्रामबागेत साळुंख्यांच्या दारात उभी होती. गार्गी साळुंखे, बारा नंबरची छटा, हसली की डाव्या गालाला खळी. फाटकातूनच अंगण दिसत होतं. मधोमध पाट मांडला होता आणि वर कापड नव्हतं.

गार्गीची आई फाटकाशी आली, पण कडी काढली नाही. "फोनवर सांगितलं ना तुम्हाला, बाई. आज शुभकार्य आहे."

"मला आत यायचं नाही. मला वीस मिनिटं द्या. इथंच, रस्त्यावर," वृषाली म्हणाली. "माझ्या तोंडाला तीच साय आहे, जी गार्गीच्या तोंडाला आहे. हळद माझी मी आणलीय. तुमच्या हळदीला मी हात लावणार नाही. फक्त बघा."

तिनं पर्समधून डबी काढली, हळद पाण्यात कालवली, आणि फाटकाबाहेरच्या दगडावर उन्हाकडं तोंड करून बसली. उजव्या गालावरून तिनं स्वतःची चार बोटं ओढली. ही चार बोटं आता मरेपर्यंत जाणार नाहीत, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. भीती वाटत होती. पण हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, डोळ्यांनी बघितलं की माणसं ऐकतील, असा तिला विश्वास होता. सव्वीस वर्षं ती त्याच विश्वासावर काम करत आली होती.

बाया फाटकाशी जमल्या. आधी चार, मग पंधरा. वरच्या गॅलरीत गार्गी पिवळी साडी नेसून येऊन उभी राहिली. कुणीतरी फोनवर वेळ लावली होती. ऊन चढत होतं आणि हळद वाळून ओढ बसत होती.

वीस मिनिटं झाली. वृषालीनं ओल्या रुमालानं गाल पुसला आणि चेहरा वर केला.

बायांतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. तिनं बघितलं, त्यांना दिसलं होतं. एकीनं तोंडावर हात ठेवला होता. गार्गीच्या आईचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिचा हात कडीकडं गेला होता. वृषालीला वाटलं, झालं, जमलं.

"बघितलं?" ती उठत म्हणाली. "आता तरी..."

"बघितलं की," मागून गार्गीची आजी म्हणाली. म्हातारी पुढं आली आणि तिनं सुनेचा हात कडीवरून काढला. "पांढऱ्या कपाळानं हळद लावून घेतली, आणि देवानं उभ्या उभ्या दाखवलं. आणि काय पायजे तुम्हाला?"

"अहो आजी, तसं नाही! तुमच्यातल्या कुणीही साय लावलेलीनं..."

"माधवनगरात बी हेच झालं न्हवं?" दुसरी एक जण म्हणाली. माना हलल्या. बघता बघता सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तोच सैलपणा आला, जो वृषालीनं गुरुवारी भावाच्या अंगणात बघितला होता.

"जावा हो बाई आता," गार्गीची आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात जोडते तुम्हाला."

गार्गी जिना उतरून खाली आली. बायांनी तिला अडवायच्या आत ती फाटकाशी पोचली. तिनं वृषालीच्या गालावरची चार काळी बोटं नीट बघितली, आणि गजांतून हात बाहेर घालून तिचा हात धरला. पोरगी खरंच चांगली होती.

"काकू, माझ्यासाठी एवढं केलंत तुम्ही," ती म्हणाली. "पण घाबरू नका. मला काही होणार नाही. मला पाचही सवाष्णीच लावणार आहेत."

आतून फोटोवाल्यानं हाक मारली, ऊन चांगलं आहे तोवर बसून घ्या म्हणून. गार्गीनं हात सोडला आणि ती पाटावर जाऊन बसली.